आबांची दुपारची झोप

पट्टा म्हणत होता, आबा जागे आहेत. आणि आबा तर घोरत होते.

घोरणं काही साधंसुधं नव्हतं. आधी नाकातून एक लांब ओढ, मग घशात थोडी घरघर, आणि शेवटी ओठांतून फुर्र करून सोडलेली हवा. खोलीच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांची सून एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा पडद्याकडे. पडद्यावर दर अर्ध्या मिनिटाला एक नवा चौकोन उमटायचा आणि प्रत्येक चौकोनात तोच शब्द असायचा. जागे. जागे. जागे.

"कान फुटलेत का रे तुझे?" ती यंत्राला पुटपुटली.

यंत्राला कान नव्हतेच. रबरी पट्टा होता तो, कपाळावर बसणारा. पुढे चार सेन्सर आणि कानांमागे दोन. मेंदूत ज्या बारीक विजेच्या लहरी उठतात त्या तो टिपायचा आणि लॅपटॉपला पाठवायचा. मग लॅपटॉपमधला प्रोग्रॅम ठरवायचा की माणूस जागा आहे, हलक्या झोपेत आहे, गाढ झोपलाय की स्वप्न बघतोय. दवाखान्यात याच कामासाठी डोकंभर वायरी चिकटवतात आणि नंतर एखादा तज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून पानामागून पान तपासतो. सुनेच्या छोट्या कंपनीला हे सगळं घरच्या घरी, एका पट्ट्यात करायचं होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मोजक्या लोकांत ती एक होती.

अडचण एवढीच होती की हा प्रोग्रॅम शिकला होता कॉलेजातल्या पोरांच्या झोपेवर. त्या वयाची झोप म्हणजे काय, पडलं की ओंडका. त्यांच्या लहरी उंच, ठसठशीत. म्हातारपणी त्या बुटक्या होतात, फिक्या शाईनं लिहिलेल्या अक्षरांसारख्या. आपलं यंत्र तिथे अडखळणार अशी सुनेला पहिल्यापासून धास्ती होती. लवकरच झोपेच्या दवाखान्यात वयस्कर माणसांवर त्याची रीतसर चाचणी व्हायची होती. त्याआधी कुणातरी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ते लावून बघणं भाग होतं, आणि तसं एक डोकं घरातच होतं.

आबा तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मशीनवर काढला. हाताच्या रेषांतली शाई निवृत्तीनंतरही बरीच वर्षं निघाली नव्हती. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि मुलानं त्यांना आपल्याकडे आणलं. फ्लॅट आठव्या मजल्यावर, खिडक्यांना दुहेरी काचा. त्यांना दिली ती सगळ्यात आतली, सगळ्यात शांत खोली. मुलानं जाड पडदे लावले. सुनेनं खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे मऊ लोकरी तुकडे चिकटवले, ओढल्या तरी आवाज नको म्हणून. जेवणं झाली की दारावरची बेल बंद व्हायची, मिक्सरला हात लावायचा नाही, आणि नवरा-बायको घरात कुणी आजारी असल्यासारखे कुजबुजत बोलायचे.

"झोपले का?"

"झोपले."

"बरं झालं."

हा संवाद त्या घरात रोज दुपारी किंवा संध्याकाळी एकदा तरी व्हायचाच.

म्हणून सुनेनं विचारलं तेव्हा आबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "लाव की पट्टा. एवीतेवी डोकं रिकामंच असतं."

"पण पट्टा लावून झोप लागेल ना तुम्हाला?"

"मला? अगं, मी उभ्या उभ्या झोपणारा माणूस आहे." मग कपाळावर सेन्सरसाठी लावायच्या जेलचं गार बोट टेकलं तसे ते दचकले आणि हसले. "टक्कल आहे ते बरंय. केसात घालण्यापेक्षा तुझं जेल वाचतं."

त्या पहिल्या दुपारी यंत्र म्हणालं, जागे. पुढच्या खेपेलाही तेच. सून शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती. श्वास संथ चाललेला, हात पोटावर सैल, तोंड किंचित उघडं, आणि वर ते घोरणं. याला झोप नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? उठल्यावर आबा डोळे चोळत विचारायचे, "कसं काय? जमलं का तुझं?"

"तुम्ही छान झोपलात आबा. यंत्रालाच कळत नाहीये."

"कळेल, कळेल. नवीन आहे अजून. आमच्याकडे नवीन मशीन आलं की पहिला महिना नुसते कागदाचे ताव फाडायचं."

शेवटी सुनेनं यंत्रालाच वळण लावायचं ठरवलं. आबांच्या दुपारच्या लहरी तिनं प्रोग्रॅमपुढे ठेवल्या आणि त्याला समजावलं, बाबा रे, या वयात अशा लहरी दिसल्या तर तीही झोपच समज. दोन-तीन दिवस ती त्या आकड्यांशी झगडत होती. मग एका दुपारी पडद्यावर पहिल्यांदा 'हलकी झोप' असे शब्द उमटले. मागोमाग 'गाढ झोप'. तिला खुर्चीतल्या खुर्चीत नाचावंसं वाटलं.

आबा उठल्यावर तिनं सांगितलं तर तेही खूश. "बघ! आलं की नाही वठणीवर?"

त्या संध्याकाळी नवरा ओट्याशी कांदे चिरत उभा होता. सुनेनं सहज, गंमत म्हणून, पट्टा त्याच्या डोक्याला चढवला. कांद्यानं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, डोळे निवावेत म्हणून तो सुरी थांबवून मिनिटभर ते मिटून उभा राहिला. पडद्यावर आलं, गाढ झोप.

"काय म्हणतंय?" त्यानं नाक ओढत विचारलं.

"म्हणतंय तू झोपलायस."

"ऑफिसातही माझ्याबद्दल हेच म्हणतात," तो म्हणाला आणि पुन्हा कांदे चिरायला लागला.

सुनेला हसू आलं नाही. आबांच्या बाबतीत यंत्र शहाणं करताना बाकी जगाच्या बाबतीत ते येडं झालं होतं. एका बाजूनं पांघरूण ओढलं की दुसऱ्या बाजूनं पाय उघडे, अशी गत.

दुसऱ्या दिवशी ती झोपेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई कंपनीला सल्ला द्यायच्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि खुर्चीत मांडी घालून बसायची सवय असलेल्या. भिंतीपलीकडच्या खोल्यांतून रिकाम्या खाटा, उशांशी गुंडाळून ठेवलेल्या वायरींची भेंडोळी. दिवसा तो दवाखाना एखाद्या बंद शाळेसारखा वाटायचा.

"हे माझ्या सासऱ्यांचे आलेख," सून म्हणाली. "दुपारी झोपलेले असतानाचे. मी समोर बसून होते. पण मूळ प्रोग्रॅम यांना जागे म्हणतो. वयामुळे असेल का?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. एक पान, दुसरं पान, तिसरं. मग त्या चक्क हसायला लागल्या.

"अगं, हा माणूस जागा आहे."

"नाही हो डॉक्टर. घोरत होते ते."

"घोरत असतील. पण जागेपणी. हे बघ." त्यांनी पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवलं. लहर एकसारखी, बारीक दातांची, फणीसारखी चालली होती. "डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाची ही लहर. झोप लागायला लागली की हे दात मोडतात, विरघळतात. इथे एकही मोडलेला नाही. हे इथे त्यांनी आवंढा गिळला. इथे पापण्या फडफडल्या. तू काही बोललीस का तेव्हा?"

सुनेनं वेळ पाहिली. तेव्हा तिला शिंक आली होती आणि तिनं ती ओढणीत दाबली होती.

"झोपलेल्याला जागं करता येतं बाई, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात ना. तुझ्या यंत्रानं सोंग ओळखलं आणि तू त्यालाच खोटं पाडत बसलीस." डॉक्टर अजून हसत होत्या. पुढचं पान उघडलं, त्याच्या पुढचं उघडलं, आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "सगळ्याच दुपारी असं आहे गं. वय काय यांचं?"

"पंचाहत्तरीच्या आसपास."

"आणि रात्री झोपतात का?"

सुनेनं तोंड उघडलं. 'हो, झोपतात की' असं म्हणणार होती. मग तिच्या लक्षात आलं की तिला ते ठाऊक आहे ते फक्त दाराबाहेरून ऐकू येणाऱ्या घोरण्यामुळे.

"त्यांना ओरडू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "आणि जुनं सेटिंग परत लाव."

घरी येताना बसमध्ये तिला सारखी ती फणी दिसत होती. एवढ्या सगळ्या दुपारी तो माणूस डोळे मिटून, हात पोटावर ठेवून, घोरण्याचा आवाज काढत पडून राहिला होता. कशासाठी?

नवऱ्याला तिनं स्वयंपाकघरात सांगितलं. अर्थात कुजबुजत.

तो बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिला, मोडत राहिला. "म्हणजे इथे आल्यापासून झोपच नाही त्यांना? मी तर सगळ्यांना सांगत सुटलोय, आबा मस्त रुळलेत म्हणून." मग जरा चिडून, "सांगायला काय होतं त्यांना? परके आहोत का आपण?"

"तू कधी विचारलंस?"

"रोज तर विचारतो. झोप लागली का आबा, म्हणून."

"आणि ते काय म्हणतात?"

"म्हणतात, लागली." तो थांबला. "आईबद्दल मात्र कधी काढत नाही मी. काढलं की त्यांना त्रास होईल असं वाटतं."

"त्यांना की तुला?"

त्यानं फडकं एकदाचं खिळ्याला अडकवलं. "मी बोलतो उद्या त्यांच्याशी."

"नको," सून म्हणाली. "तू एकदम वकिलासारखा उलटतपासणी घेशील. पट्टा मी लावलाय, मीच बघते."

दुसऱ्या दुपारी तिनं नेहमीसारखं जेल लावलं, पट्टा बसवला, पडदे ओढले. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं ओढ, घरघर, फुर्र. पडद्यावर फणी चालली होती. सून त्या फणीकडे बघत बसली. तिला आता ती लहर ओळखीची वाटत होती, चेहऱ्यासारखी.

"आबा," ती हलकेच म्हणाली, "तुम्ही जागे आहात."

घोरणं चालूच.

"घोरण्याची लय छान धरलीय तुम्ही. पण पट्ट्याला ऐकू येत नाही. त्याला नुसतं दिसतं."

ओढ झाली, घरघर झाली, आणि फुर्र यायच्या जागी काहीच आलं नाही. आबांनी एक डोळा उघडला.

"चुगलखोर आहे गं तुझा पट्टा."

सुनेला हसू फुटलं. "किती दिवस चाललंय हे?"

आबांनी दुसराही डोळा उघडला आणि छताकडे बघत राहिले. "आलो तेव्हापासूनच म्हण. पहिल्या आठवड्यात एकदा डोळे मिटून पडलो होतो नुसता. तू दारातून डोकावलीस. आणि बाहेर जाऊन त्याला म्हणालीस, झोपले. तो म्हणाला, बरं झालं. असा काही म्हणाला गं, तुमच्या दोघांचा जीव भांड्यात पडलेला मला इथे आत ऐकू आला. म्हटलं, एवढ्यानं जर पोरांना बरं वाटत असेल तर माझं काय जातंय? पडायचं डोळे मिटून."

"आणि घोरणं?"

"ते मागाहून आलं. नुसतं डोळे मिटलेले असले की तू जास्त वेळ बघत उभी राहायचीस. घोरलं की लगेच जायचीस."

"आणि पट्टा लावल्यावर तरी सांगायचं ना! मी किती डोकं फोडलं त्या आकड्यांवर."

आता मात्र आबा ओशाळले. उशीवरच त्यांनी मान वळवली. "मला वाटलं, तुला झोपलेला माणूस हवाय. यंत्राची परीक्षा आहे म्हणालीस, पण मला वाटलं परीक्षा तुझी. ऑफिसात तुझं नाव खाली जायला नको. म्हणून तर जरा जास्तच घोरलो."

सून उठून खाटेच्या कडेला येऊन बसली. लॅपटॉप खुर्चीवर तसाच राहिला. "मग झोप येते कधी तुम्हाला?"

"येते थोडी. उजाडताना खाली पाण्याचा पंप सुरू होतो ना, त्या वेळी. घुर्र घुर्र चालू असतं तोवर डोळा लागतो. तो थांबला की संपलं."

"पंपाच्या आवाजानं उलट झोप मोडायला हवी."

"तुमची मोडत असेल. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी कागदाच्या गठ्ठ्यावर झोपायचो, मशीन डोक्याशी धडधडतंय. कुणी मला हाक मारायचं नाही. मशीन बंद करायचे, की मी उठून बसायचो." ते जरा थांबले. "आणि घरी ही. तुझी सासू. अंथरुणाला पाठ टेकली की तिला दिवसभराचं सगळं आठवायचं. कोण कुणाला काय म्हणालं, भाजी कशी निघाली, शेजारणीची सून कशी आहे. मी तिच्या वाक्याच्या मधेच झोपायचो. जन्मभर तिनं तक्रार केली, यांनी माझं एक वाक्य पुरं ऐकलं नाही म्हणून. खरंच आहे ते. पण आता कुणी वाक्य सुरूच करत नाही, तर मी मधे झोपू कसा?"

खोलीत शांतता पसरली. जाड पडद्यांची, दुहेरी काचांची, नमद्याच्या तुकड्यांची शांतता. सुनेला ती पहिल्यांदाच अंगावर आल्यासारखी झाली. एवढ्या प्रेमानं जमवली होती ती, पै-पै साठवावी तशी.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. ऑफिसातला सहकारी होता. सवयीनं ती उठली आणि दाराकडे निघाली.

"इथेच बोल की," आबा म्हणाले. "बाहेर कशाला जातेस?"

ती खुर्चीत बसली. सहकाऱ्याला दवाखान्यातल्या चाचणीची तयारी विचारायची होती. बोलणं अगदीच रटाळ. किती पट्टे पाठवायचे, रबर मोठ्या मापाचं हवं का, चार्जर कुणाकडे राहिला, जेलची बाटली गळते त्याचं काय. आधी ती हळू आवाजात बोलत होती. मग आबांनी हातानंच खूण केली, मोठ्यानं. ती मोठ्यानं बोलायला लागली. बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली आणि ती अडखळली.

फणीचे दात मोडत होते.

"हॅलो? ऐकतेस ना?" पलीकडून आवाज आला.

"ऐकतेय. जेलच्या बाटलीचं झाकण बदलायला सांग," ती म्हणाली, मुद्दाम ठणठणीत आवाजात. लहर सपाट होत गेली, संथ झाली. आबांची हनुवटी जराशी खाली आली. घोरणं मुळीच नव्हतं. मग आलेखात एकदम एक छोटा गुच्छ उठला, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. डॉक्टरांनी तो तिला पूर्वी कितीदा तरी दाखवला होता. तो खऱ्या झोपेशिवाय उमटत नाही आणि कुणाला तो मुद्दाम काढता येत नाही. जुनं सेटिंग परत लावलेल्या यंत्रानं चौकोन उमटवला. हलकी झोप.

सहकाऱ्यानं फोन ठेवला तरी सून बोलतच राहिली. थांबायची भीती वाटली तिला. बंद फोन कानाला धरून ती चार्जरबद्दल बोलली, साहेबांबद्दल बोलली, ऑफिसातल्या बिघडलेल्या लिफ्टबद्दल बोलली. बोलण्यासारखं सगळं संपलं तेव्हा तिनं जेलच्या बाटलीवरच्या सूचना वाचायला घेतल्या.

त्या दिवशी नवरा लवकर घरी आला. दारातून डोकावला तर बायको एकटीच मोठमोठ्यानं वाचतेय, "डोळ्यांपासून दूर ठेवा, कोरड्या जागी ठेवा". त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. आबा झोपलेत, दिसत नाही का?

"मोठ्यानं बोल!" ती म्हणाली.

"काय?" तो कुजबुजला.

"कुजबुजू नकोस! मोठ्यानं बोल म्हटलं ना. काहीही बोल. माझा घसा बसला."

तो गोंधळून दारातच उभा राहिला. तिनं लॅपटॉपचा पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यानं वाचलं, वडिलांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग बूटही न काढता आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

"काय बोलू?"

"वीजबिल भरलंस का?"

"भरलं. म्हणजे, भरणार आहे."

"भरणार आहे म्हणजे? गेल्या आठवड्यात सांगितलं होतं मी."

"अगं, पण तू तरी फ्रिजचं दार उघडं टाकतेस त्याचं काय?"

दोघांनी असा खणखणीत वाद घातला की शेजाऱ्यांना वाटलं असेल, आता हे वेगळे होतात. वीजबिलावरून गोष्ट फ्रिजवर गेली, फ्रिजवरून त्याच्या विसरभोळेपणावर. तिथून तो आपसूकच आईवर आला. "आईसुद्धा हेच म्हणायची," तो म्हणाला आणि क्षणभर गप्प झाला. बायकोनं हातानं खूण केली, चालू ठेव. "आई म्हणायची, याचं डोकं म्हणजे चाळण. एकदा मला तेल आणायला पाठवलं होतं, आणि मी रिकामी बाटली घेऊन दोन तास खेळून घरी आलो. तिनं मला काय धुतला! आणि आबांनी..." त्याचा आवाज चिरकला, तरी तो मोठ्यानंच बोलत राहिला. "आबांनी मागच्या दारानं जाऊन तेल आणलं आणि म्हणाले, पोरगं विसरलं नव्हतं, बाटली मीच धुवायला घेतली होती."

पडद्यावर लहरी उंचावल्या होत्या. कॉलेजातल्या पोरांसारख्या नाहीत, पण लांब, संथ, एकामागून एक. यंत्र जरा घुटमळत होतं. मध्येच 'हलकी' म्हणायचं, मध्येच 'गाढ'. सुनेला दिसलं की तिची धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. म्हाताऱ्या माणसाची गाढ झोप त्याला अजून नीट ओळखता येत नव्हती. ते काम आता खरोखर करायचं होतं, आणि या वेळी खऱ्या झोपेवर.

आबा उठले तेव्हा खिडकीच्या पडद्याच्या फटीतून तिरपं ऊन आत आलं होतं. मुलगा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, पायात बूट तसेच.

"तू कधी आलास?" त्यांनी विचारलं.

"बराच वेळ झाला."

"हाक नाही का मारायची?" त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "रडलास की काय?"

"कांदे," मुलगा म्हणाला. घरात त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता. आबांनी हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

पुढच्या रविवारी आबांची खाट आतल्या खोलीतून निघाली. बैठकीच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती, खिडकी रस्त्यावर उघडणारी. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला लिफ्टचं दार. खाट दारात अडकली तेव्हा आबांनी मशीन बसवताना द्यायचे तसे हुकूम सोडले. डावीकडे घ्या, उचला, अरे उचला म्हणतो ना. मुलानं करंगळी चेमटवून घेतली. नमद्याचे तुकडे सुनेनं काढले नाहीत, फरशीवर ओरखडे उठले असते. पण बेल पुन्हा सुरू झाली आणि मिक्सर वाटेल तेव्हा फिरायला लागला.

दवाखान्यातली चाचणी झाली. वयस्कर लोकांत आबांनीही नाव दिलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाहताच विचारलं, "घोरणारे गृहस्थ तुम्हीच का?" आबा म्हणाले, "आता बंद केलं." यंत्र पहिल्या फेरीत काठावर पास झालं. गाढ झोपेत त्याचे बरेच गुण गेले. सून आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुढचे कित्येक महिने त्यावर खपवले, आणि दुसऱ्या फेरीत ते बऱ्यापैकी जमलं.

आबांची झोप काही जादू झाल्यासारखी परत आली नाही. कधी लागते, कधी नाही. मुलगा रात्री जेवण झालं की त्यांच्या खाटेशी बसतो आणि बोलतो. त्याला पहिल्यापासून बोलायची सवय नाही, म्हणून बऱ्याचदा आबाच बोलतात आणि तोच पेंगतो.

परवा दुपारी सून टेबलाशी काम करत होती. आबा खोलीतून बाहेर आले. केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "आज काही झोप येत नाही बुवा."

"मग या की," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "ओट्यावर मटार आहेत. सोलाल का?"

आबांनी परात आणली, तिच्यासमोर बसले आणि पहिली शेंग फोडली.